सातवा लागला की: शेवटच्या तीन महिन्यांत काय बघायचं, काय सोडून द्यायचं

पहिल्यांदा भिंतीवरचं कालनिर्णय खाली घे. शेवटची पाळी ज्या दिवशी आली त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळव. म्हातारी माणसं ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात, आमच्या नर्सिंगच्या वहीत सात होते. दोन दिवसांसाठी सासूशी वाद घालू नकोस. समज, पाळी १० जानेवारीला आली होती. मग बाळंतपणाची तारीख निघते १७ ऑक्टोबर. २५ जुलैला २८ आठवडे भरतात, तिथून शेवटची तिमाही सुरू. २६ सप्टेंबरला ३७ आठवडे, म्हणजे बाळ दिवस भरलेलं. १० ऑक्टोबरला ३९. तुझ्या स्वतःच्या या चार तारखा पेनाने लिही आणि कॅलेंडर परत खिळ्याला अडकव.

दिलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बाया शंभरात चार-पाच. तेव्हा १७ ऑक्टोबरला सगळं गाव दारात बोलावू नकोस. आणि आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीने तारीख पुढे-मागे दाखवली तर घाबरायचं नाही. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारखेसाठी सगळ्यात खरी. उशिराच्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो, कारण तोवर कुठलं बाळ अंगाने भरतं, कुठलं बारीकच राहतं.

मी पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला, आधी उपकेंद्रावर नर्सबाई होते आणि पुढे आरोग्य केंद्रात एलएचव्ही, म्हणजे नर्सबायांवरची पर्यवेक्षिका. आता निवृत्त आहे, पण गावातली पोर बाळंतपणाला माहेरी आली की तिची आई कार्ड घेऊन माझ्या ओट्यावर येतेच. तिला जे सांगते तेच इथे लिहिते आहे. हे डॉक्टरांच्या तपासणीच्या जोडीला आहे, बदल्यात नाही.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. या तीन महिन्यांत वाट बघायची ती फक्त कळांची. रक्त दिसलं, बाळ गप्प झालं, डोकं ठणकायला लागलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, नवऱ्याच्या सुट्टीची नाही, आणि घरातल्या कुणाच्या होकाराची तर नाहीच नाही.

आत काय चाललंय

आम्ही पोट हाताने मोजायचो. बेंबीपासून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंतच्या जागेचे मनातल्या मनात तीन भाग करायचे. २८ आठवड्यांना गर्भाशय बेंबीच्या वर पहिला भाग ओलांडतं, ३२ ला दुसरा, ३६ ला थेट छातीच्या हाडाखाली भिडतं. म्हणूनच आठव्याच्या शेवटी दोन घास खाल्ले की पोट भरतं आणि जिना चढताना धाप लागते. पुढे डोकं ओटीपोटात उतरलं की पोट पुन्हा खाली येतं. श्वास मोकळा होतो, जेवण जातं, पण लघवीला दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. बायका म्हणतात ‘पोट उतरलं’. पहिलटकरणीचं हे दोन-तीन आठवडे आधी दिसतं, दुसरेपणाला कधी कधी कळा सुरू होईपर्यंत उतरत नाही. टेपने मोजलं तर साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर भरतात. दोन-तीनचा फरक चालतो, त्याहून जास्त पडला तर डॉक्टर सोनोग्राफी लिहून देतात.

२८ आठवड्यांचं बाळ किलोभर असतं. डोळे उघडायला लागलेलं, आवाज ऐकणारं, पण अंगावर चरबी नसलेलं, सुरकुतलेलं. ३२ ला पावणेदोन किलोच्या आसपास, ३६ ला अडीच. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला साधारण २०० ग्रॅम चढतात. अंगावरची बारीक लव गळते, गाल भरतात, पांढरा लोण्यासारखा थर त्वचेवर जमतो. मेंदू याच दिवसांत झपाट्याने वाढतो आणि त्याच्या घड्या पडतात. डोक्याची हाडं मात्र मुद्दामच सुटी राहतात, म्हणजे बाहेर येताना एकमेकांवर सरकतील. बाळाचं डोकं जन्मल्यावर लांबट दिसलं तर आजीने लगेच दाबून गोल करायला बसू नये. ते आपोआप गोल होतं.

दोन गोष्टी बाळ तुझ्याकडून याच तिमाहीत भरून घेतं. एक लोह. जन्मानंतर पहिले सहा महिने ते याच साठ्यावर काढतं, कारण आईच्या दुधात लोह थोडं असतं. दुसरी, रोगाशी लढणारी द्रव्यं. तुझ्या रक्तातून ती वारेमार्फत, म्हणजे प्लासेंटातून, त्याच्या रक्तात उतरतात, आणि त्यातली बहुतेक शेवटच्या काही आठवड्यांत. धनुर्वाताची टीडीची लस तुला देतात ती बाळासाठीही असते. कार्डावर ती लिहिलेली आहे का, आत्ता उठून बघ.

आणि फुप्फुसं. ती सगळ्यात शेवटी तयार होतात. श्वास सोडल्यावर फुप्फुसाचे बारीक फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून आत एक वंगण तयार व्हावं लागतं. ते सहाव्या-सातव्या महिन्यात सुरू होतं आणि पुरेसं व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. आमच्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे: सातमाशा जगतो, आठमाशा जगत नाही. यातून भलतंच घडतं. आठव्यात कळा आल्या की घरचे आधीच हात टेकतात, आणि सातव्यात आल्या तर ‘जगतो की’ म्हणून निवांत राहतात. खरं नेमकं उलट आहे. बाळ आत जितके दिवस जास्त राहील तितकं ते जगण्याची आणि धड राहण्याची शक्यता जास्त. सातव्यात किंवा आठव्यात, कधीही पोट दर दहा मिनिटांनी कडक होऊन दुखायला लागलं तर ताबडतोब दवाखाना. ३४ आठवड्यांच्या आत असशील तर बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून तुला इंजेक्शनं देता येतात, आणि त्यांचा पूर्ण उपयोग व्हायला एखादा दिवस हाती लागतो. घरी घालवलेले तास तिथे मोजले जातात.

याच कारणाने मुहूर्ताच्या सिझरला माझा विरोध आहे. सिझर वाईट म्हणून नाही. सिझरने जीव वाचताना मी पाहिलेत. पण काहीही अडचण नसताना, फक्त पत्रिका चांगली यावी म्हणून ३७ व्या आठवड्यात बाळ काढायचं आणि मग धाप लागली म्हणून काचेच्या पेटीत ठेवायचं, हा कसला शुभ योग? ठरवून सिझर करायचंच असेल आणि वैद्यकीय घाई नसेल, तर ३९ आठवडे भरू दे. आपल्या उदाहरणात १० ऑक्टोबर. त्यापुढचे ग्रह गुरुजींनी बघावेत.

बाळाची हालचाल

हे मशीनशिवाय, पैशांशिवाय, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही जमणार नाही. म्हणून यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

२८ आठवड्यांपासून रोज एक ठरावीक वेळ धर. रात्रीच्या जेवणानंतर बरी, कारण तेव्हा बहुतेक बाळं जागी असतात. डाव्या कुशीवर आडवी हो. मोबाईल लांब ठेव, टीव्हीवरची मालिका बंद. पोटावर हात ठेवून मोज: लाथ, ढुशी, कूस बदलणं, सगळं एक-एक धरायचं. उचकी धरायची नाही. उचकी म्हणजे घड्याळासारखे एकसारखे बारीक ठोके, पाच-दहा मिनिटं चालतात. त्याने घाबरूनही जायचं नाही. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेकींच्या अर्ध्या तासातच होतात, मग उठून झोपायला जा.

आकड्यापेक्षाही बाळाची सवय महत्त्वाची. कुठलं संध्याकाळी नाचतं, कुठलं पहाटे. आठ-दहा दिवसांत तुला ती कळते. ती सवय मोडली, रोज दंगा करणारं बाळ आज मऊ पडलं, तर काहीतरी खा, पाणी पी, कुशीवर पडून पुन्हा मोज. दहा झाल्या नाहीत तर त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखान्यात जायचं. तिथे ठोके ऐकतील, मिनिटाला ११० ते १६० मध्ये असायला हवेत, आणि सोय असेल तर पट्टे लावून एनएसटी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, काढतील. सगळं ठीक निघालं तर परत पाठवतील. ‘उगीच आलीस’ असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. उद्या पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा जा.

शेजारची काकू सांगेल, ‘नवव्यात जागा नसते गं, बाळ हालत नाही.’ हे साफ खोटं. हालचालीची तऱ्हा बदलते. कोलांट्या थांबतात, त्याऐवजी ढकलणं, सरकणं, पोटावर कोपराचा उंचवटा येणं असं होतं. पण दिवसभरातली हालचाल कमी होत नाही, कळा सुरू होईपर्यंत होत नाही. या एका वाक्यापायी बाया उशिरा येतात. काकूला माझं नाव सांग.

खाणं, गोळ्या आणि मिश्री

‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हेही चूक, आणि ‘कमी खा, बाळ लहान राहिलं की सुटका सोपी होते’ हे तर त्याहून चूक. दिवसाला जास्तीचे साधारण ३५० उष्मांक लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध. प्रथिनं मात्र मनावर घेऊन वाढवावी लागतात. आपल्या भागात त्याला तोटा नाही: मटकी, चवळी, हुलगा, शेंगदाणे, अंडी, ताक, आणि खात असाल तर सुकट-बोंबील. नाचणीच्या भाकरीतून कॅल्शियम मिळतं, शेवग्याच्या पाल्यातून लोह आणि कॅल्शियम दोन्ही. उसळीवर लिंबू पिळायचं विसरू नकोस, त्याने लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. चहा तासाभराने. या तिमाहीत आठवड्याला ४००-५०० ग्रॅम वजन वाढणं ठीक. एका आठवड्यात एकदम दीड-दोन किलो वाढलं तर ते तूप-लाडवांचं नसून अंगात साठलेल्या पाण्याचं असू शकतं. रक्तदाब मोजून घे.

लाल गोळी, म्हणजे लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची, रोज एक. कॅल्शियमची दिवसाला दोन. या दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, एक दुसरीला अंगी लागू देत नाही. मी सोपं करून देते: कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत, लाल गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबू-पाण्याबरोबर. शौचाला काळी होणार, ते गोळी पोटात जात असल्याचं लक्षण. मळमळलं तर वेळ बदल, गोळी खिडकीतून टाकू नकोस. (कुंडीत सापडतात. आम्हाला कळतं.) हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, ७ च्या खाली म्हणजे जिवाशी खेळ. नऊ-साडेनऊवर गोळ्यांनी चढत नसेल तर शिरेतून लोह देतात. आठव्या महिन्यात हे विचारायला लाजू नकोस, कारण बाळंतपणात रक्त जातं तेव्हा तीच शिल्लक कामी येते.

आता मिश्रीचं. शहरात वाचणाऱ्यांना आश्चर्य वाटेल, पण आमच्याकडे तरण्याताठ्या पोरीही सकाळी बोटावर मिश्री घेऊन बसतात, आणि पोटुशी असताना मळमळ थांबते म्हणून जास्तच. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दुसरं काही नाही. तो रक्तात जातो, वारेतून बाळापर्यंत पोचतो. बाळ कमी वजनाचं होतं, दिवसाआधी होतं. आज सोडलीस तर उरलेल्या आठवड्यांचा फायदा बाळाला मिळतोच. हात शिवशिवला तर बडीशेप चघळ, दात साध्या पेस्टने घास. सासू लावते म्हणून सुनेनं लावायची, हा मान ठेवायचा प्रकार नव्हे.

तुपाने बाळ घसरून येत नाही. गर्भाशय वेगळं, पोट वेगळं. एरंडेल घेऊन कळा आणायचा उद्योग घरी करायचा नाही, जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. ग्रहणात उपाशी बसायचं नाही; जेवायची वेळ झाली की जेव.

झोप, पाय, जळजळ

कुशीवर झोप. डावी उत्तम, उजवीही चालते. उताणं झोपलं की जड गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाबतं आणि बाळाकडे रक्त कमी जातं. रात्री जाग आली आणि उताणी असलीस तर कूस बदल आणि झोप, रडत बसू नकोस. गुडघ्यांत एक उशी, पोटाखाली जुन्या लुगड्याची घडी. पोटरीत गोळा आला तर टाच पुढे ढकलून पायाची बोटं स्वतःकडे ओढ. जळजळ होत असेल तर थोडं-थोडं पाच वेळा खा आणि जेवल्यावर लगेच आडवी होऊ नकोस. शौचाला खडा होत असेल तर पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल. रोज अर्धा तास चाल. भरलेला हंडा, गवताचा भारा, पंधरा किलोची पिशवी नको. डोक्याचा केस न् केस काळजीने भरलेला असेल, सारखं रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर तेही तपासणीत सांग. ते नखरे नाहीत. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते: रक्तस्राव नसेल, वार खाली नसेल, पाणी जात नसेल आणि डॉक्टरांनी मना केलं नसेल तर चालतं.

पोट चोळून घेऊ नकोस. बाळ आडवं आहे, पायाळू आहे म्हणून सुईणीकडून ‘फिरवून’ घेतात. वार सुटून आत रक्तस्राव होऊ शकतो. ३२ ला पायाळू असलेली बरीच बाळं स्वतःच फिरतात. ३७ आठवड्यांनंतर शंभरात तीन-चार तशी राहतात. तेव्हाही बाहेरून फिरवायचं असेल तर ते तज्ज्ञाने, सोनोग्राफी आणि ऑपरेशनची सोय जवळ असताना.

सोनोग्राफीचा कागद

माझ्या ओट्यावर सगळ्यात जास्त रडारड या कागदावरून होते. मोबाईलवर शब्द शोधत बसतात आणि रात्र घालवतात.

‘गळ्याभोवती नाळ’ लिहिलंय? दर चार-पाच बाळांतल्या एकाच्या असते. पुष्कळांची नॉर्मल डिलिव्हरी होते, डोकं आल्यावर आम्ही बोटाने सोडवतो. नुसत्या एवढ्यावर सिझर ठरत नाही. बाळाला श्वास नाकाने नाही, नाळेतून मिळतो. गळा ‘आवळला’ असं आपल्याला वाटतं तसं ते नसतं.

‘पाणी कमी’ असं सांगितलं तर आकडा विचार. एएफआय, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याचं माप, ५ ते २५ पर्यंत ठीक. ६-७ असेल तर पाणी पिऊन, विश्रांती घेऊन पुन्हा तपासतात. ५ किंवा खाली असेल तर डॉक्टर सांगतील तसंच, त्या दिवशीच.

‘वार खाली’ हे मात्र हलक्यात घ्यायचं नाही. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेकींची वर सरकते, म्हणून ३२ च्या सुमाराला पुन्हा बघतात. तेव्हाही तोंडावर असेल तर दुखणं नसताना एकदम लाल रक्त जाऊ शकतं. अशा पोरीने वाडीवर राहायचंच नाही, मोठ्या दवाखान्याजवळ राहायचं, आणि अंगावर जायला लागल्यावर आतून तपासणी करू द्यायची नाही. ‘माझी वार खाली आहे’ हे दारातच ओरडून सांगायचं.

बाळाचं वजन सोनोग्राफीत अंदाजाचं असतं, दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे. ‘वार पिकली’ किंवा ‘ग्रेड तीन’ हे शेवटच्या आठवड्यांत दिसणारच. मुलगा की मुलगी हे विचारणं गुन्हा आहे. विचारू नकोस, विचारू देऊ नकोस.

रक्तगटही बघून ठेव. तू निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या सुमाराला अँटी-डी इंजेक्शनचं विचार. साखरेची तपासणी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी, २४ ते २८ आठवड्यांत झालेली नसेल तर आता कर. १४० किंवा वर आली तर पथ्य सुरू. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, डॉक्टर बघतात, फुकट. २८ ते ३६ आठवड्यांत किमान दोनदा आणि पुढे जास्त वेळा गेलीस तर बरं.

कुठल्या गोष्टींना रात्र-बेरात्र बघायची नाही

एक पोर आली होती, म्हणे चष्मा लागला वाटतं, अक्षरं अंधुक दिसतात, दोन दिवस कपाळ ठणकतंय. हातातल्या बांगड्या रुतलेल्या. रक्तदाब १६०/११०. झटके यायला थोडाच अवधी होता. तिला पाय सुजलेले नव्हते, म्हणून घरचे निर्धास्त होते. उभं राहून काम केल्यावर संध्याकाळी पायावर येणारी सूज सकाळी उतरत असेल तर ती बहुतेक साधी असते. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं, बोटातली अंगठी निघत नाही, डोकं न थांबता दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली कळ, यातलं काहीही असेल तर रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं आजच. १४०/९० म्हणजे वाढलेला.

तळहात-तळपाय खाजतात, पुरळ नाही, रात्री जास्त: तेल लावत बसू नकोस, यकृताची तपासणी करून घे. ताप. लाल रक्त. चालता-बोलता धाप. पोट दगडासारखं कडक होऊन न सैलावणं. आणि पाणमोट फुटणं. पाणी गेलं असं वाटलं तर स्वच्छ सुती घडी लाव, रंग बघ. पांढरट किंवा फिकट असेल तर कळा नसल्या तरी निघायचं. हिरवट-पिवळं असेल तर बाळाने आत शी केलीय, धावत निघायचं. कपभरच गेलं, मग थांबलं, म्हणून घरी राहायचं नाही.

गाडी, पिशवी, माणसं

डोहाळजेवण झालं की माहेरी जायची आपल्याकडे रीत. जा, पण ३४ आठवड्यांच्या आत, आणि जाताना सगळे कागद घेऊन. माहेरचा दवाखाना तुला ओळखत नाही. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथे नाव घाल.

कोयनेच्या अंगाला जुलै-ऑगस्टमध्ये दरड येते, ओढ्याला पाणी चढतं, फोनला रेंज नसते. तिथे दवाखान्यात पोचायची तयारी कळा यायच्या आधीच करायची. १०२ आणि १०८ हे नंबर भिंतीवर खडूने लिही. गावातल्या दोन गाडीवाल्यांना आधीच सांगून ठेव, एक झोपला तर दुसरा. पावसाच्या तारखा असतील तर शेवटचे आठ-दहा दिवस रस्त्याजवळच्या नातेवाइकांकडे राहा. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत यासाठीच आरोग्य केंद्रालगत माहेरघरं आहेत, तिथे आधीच येऊन राहता येतं. तुझ्या रक्तगटाची दोन माणसं हेरून ठेव. जवळच्या केंद्रात सिझर होत नाही तर ते कुठे होतं, तिथवर किती वेळ लागतो, हे नवऱ्याने स्वतः एकदा जाऊन बघावं.

पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सगळे रिपोर्ट वर. मग तुझे दोन गाऊन, धुतलेले सुती कपडे, पॅड, चप्पल, पाण्याची बाटली. बाळासाठी चार दुपटी, दोन टोपडी, झबली, मोजे. ‘आधी आणू नये’ म्हणत असतील तर घरातली मऊ जुनी सुती लुगडी धुऊन, उन्हात वाळवून, फाडून ठेव. त्याला कुणाची हरकत नसते. दुधाची बाटली, मध, गुटी पिशवीत नको. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर कशाचे ते विचार. पहिल्या बाळासाठी मातृवंदनेचे ५००० रुपये मिळतात, आशाताईला सांगून फॉर्म भर. नोकरी करत असशील आणि मातृत्व-रजेचा कायदा तुझ्या कचेरीला लागू असेल, तर पहिल्या दोन बाळांना २६ आठवडे पगारी रजा आहे. त्यातली आठ आठवड्यांपर्यंत आधी घेता येते.

कळा

खोट्या कळा नवव्यात येतातच. पोट कडक होतं, सैलावतं, वेळेला ताळमेळ नसतो, चाललं, पाणी प्यायलं, लघवी केली की थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. कमरेतून सुरू होऊन पुढे येतात, अंतर कमी होत जातं, प्रत्येक आधीपेक्षा लांब. चिकट, तांबूस स्राव गेला तर दिवस जवळ आले एवढंच. घड्याळ लावून मोज: एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं, हा शहरातला हिशेब. वाडीवरची असशील, रस्ता खराब असेल, किंवा दुसरं बाळंतपण असेल, तर दहा मिनिटांच्या कळांवरच निघ. ३७ आठवड्यांच्या आत असशील तर मोजत बसायचंच नाही.

निघताना थोडं खा: पेज, खजूर, चहा-बिस्किट. दवाखान्यात आई किंवा बहीण, एका बाईला जवळ थांबू देतात, मागून घे. कळेमध्ये ओरडलीस तर ओरडलीस. कळ नसताना उठून चाल, कुशीवर पड, उताणं पडून राहायचं बंधन नाही. सांगितल्याशिवाय जोर लावू नकोस.

बाळ रडलं की तुझ्या उघड्या छातीवर ठेवायला सांग, तासाभरात पाजायला घे. पहिलं पिवळं, चिकाचं दूध पिळून फेकायचं नाही, ते थेंब थेंब त्याच्याच तोंडात. मध-गुळाचं बोट नको, पहिली अंघोळ दुसऱ्या दिवशी. गोळ्या इथे संपत नाहीत: लाल गोळी आणि कॅल्शियम बाळंतपणानंतर आणखी सहा महिने. आणि घरी सोडताना कार्ड हातात घेऊन बघ, जन्मवेळ, वजन, बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस-बीची लस, सगळं लिहिलंय का. नसेल तर तिथेच बाकड्यावर बसून लिहून घे, मग गाडीत चढ.